करंगळीतले वळे

कॅनडातील इंजिनिअरच्या करंगळीत पुष्कळदा एक साधे वळे दिसते. पदवीचे भेंडोळे विद्यापीठ देते; हे वळे १९२५ पासून विद्यापीठाबाहेरच्या एका शपथविधीत मिळत आले आहे. कल्पना टोरांटोच्या प्राध्यापक हॉल्टेन यांची, १९२२ सालची. संहिता लिहिली रुड्यार्ड किपलिंगने. होय, मुंबईत जन्मलेला तोच! साम्राज्याचा हा भाट एरवी आम्हांला मानवत नाही. पण इथे त्याची लेखणी सत्कारणी लागली.

या वळ्याला एका पुलाची कथा कायमची चिकटली आहे. सेंट लॉरेन्स नदीवर, क्वेबेकजवळ, जगातला सर्वांत लांब गाळ्याचा पूल उभा राहत होता. सल्लागार थिओडोर कूपर. नाव मोठे, प्रकृती खालावलेली, मुक्काम दूर न्यूयॉर्कला. त्यांनी मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फुटांवर नेला, परंतु वाढलेल्या वजनाचा हिशेब नव्याने मांडला गेला नाही. चूक उमगली तेव्हा बरेचसे पोलाद घडून झाले होते. ताण थोडा जास्त येईल, येऊ द्या, असे ठरले.

ऑगस्ट १९०७ मध्ये खालच्या तुळया वाकू लागल्या. त्या आधीपासूनच वाकड्या होत्या, असा वाद कंत्राटदाराची माणसे घालीत बसली. मक्लूर नावाचा तरुण इंजिनिअर न्यूयॉर्कला धावला. कूपरांनी तार केली: आता पुलावर वजन वाढवू नका. तार गेली पेनसिल्व्हेनियात, कंपनीच्या कचेरीत. पुलावर काम चालूच. २९ ऑगस्टला, सुटीची वेळ होत आली असताना, दक्षिणेकडचा सारा सांगाडा सुमारे पंधरा सेकंदांत नदीत गेला. ७५ माणसे मेली. त्यांतली ३३ एकट्या काहनावाके या मोहॉक वस्तीची. पुढे तिथल्या बायकांनी हट्ट धरला म्हणतात, की गावचे सगळे पुरुष एकाच कामावर जायचे नाहीत.

चुकलेले गणित आम्हां मास्तरांना तांबड्या शाईने दाखवता येते. पण तुळई डोळ्यांदेखत वाकत असताना ‘थांबा’ कोणी म्हणायचे, हे कूपरांच्या कोणत्या पुस्तकात होते? १९०८ च्या चौकशी अहवालात आकड्यांच्या चुका आहेतच. परंतु अधिक बोचते ते हे, की जागेवर निर्णय घेईल असा जाणता माणूसच नव्हता.

१९१६ मध्ये नव्या पुलाचा गाळा चढवताना पुन्हा माणसे दगावली. पूल १९१७ मध्ये पुरा झाला.

पहिली वळी पडलेल्या पुलाच्या लोखंडाची, असे सांगतात. ते खरे नाही. टोरांटोतली सुरुवातीची वळी पहिल्या महायुद्धातून जायबंदी होऊन आलेले सैनिक इस्पितळात बसून घडवीत.