मोठ्या कुलपाची वाटणी

लिनक्स २.० जून १९९६ मध्ये आलं आणि एकाच यंत्रातले दोन-चार प्रोसेसर एकत्र वापरायची सोय त्यात पहिल्यांदा अधिकृतपणे मिळाली. ते काम मुख्यतः ॲलन कॉक्सचं. त्यासाठी लागणारं दोन प्रोसेसरचं यंत्र त्याला कॅल्डेरा या कंपनीनं घेऊन दिलं होतं. पद्धत सोपी आणि सुरक्षित होती. सगळ्या कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, मिळून एक लॉक. कर्नलमध्ये शिरायचं तर ते आधी हाती हवं, आणि एक प्रोसेसर आत असेपर्यंत बाकीच्यांनी दाराशी थांबायचं. याचं नाव बिग कर्नल लॉक, म्हणजे आम्हा लोकांच्या तोंडी ‘बीकेएल’.

हे लॉक घालण्यात चूक काहीच नव्हती. फाइल सिस्टीमला लॉकशिवाय चालताच येत नाही. डिस्कवरचा कुठला ब्लॉक मोकळा आहे याचा नकाशा असतो, एकेका ब्लॉकसाठी एकेक बिट. दोन प्रोसेसरनी एकाच क्षणी तोच बिट मोकळा पाहिला आणि दोघांनीही तो घेतला, तर दोन फाइलींचा मजकूर एकमेकांवर चढतो. तो बिघाड लगेच दिसतही नाही. महिन्याभरानं कुणाच्या तरी बॅलन्सशीटमध्ये दुसऱ्याच कुणाचं पत्र निघतं. त्यामुळे हळू चाललं तरी चालेल पण डेटा बिघडता कामा नये, हा १९९६ चा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

अडचण पुढे आली. कर्नल २.२ आणि २.४ मध्ये बीकेएलचा पसारा आवरला गेला, नेटवर्क आणि मेमरीसाठी वेगळी लॉक आली, पण फाइल सिस्टीमचा बराचसा कोड मात्र त्याच मोठ्या लॉकखाली राहिला. एप्रिल १९९९ मध्ये माइंडक्राफ्ट या संस्थेनं मायक्रोसॉफ्टच्या पैशानं एक चाचणी केली. चार प्रोसेसर आणि चार नेटवर्क कार्डं असलेल्या यंत्रावर विंडोज एनटी लिनक्सच्या बरंच पुढे गेलं. लिनक्सवाल्यांचा संताप झाला. चाचणी कुणी आणि का करवून घेतली हे उघडच होतं. पण दाखवलेला दोष खरा होता, आणि रागावलेल्यांपैकीच अनेक जण नंतर तो दुरुस्त करायला बसले. त्या समाजाबद्दल मला आदर वाटायला लागला तो तेव्हापासून.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी पुण्यात या कामात आले. तेव्हाचं पुणं स्टोरेजचं गाव होतं. व्हेरिटासचं मोठं केंद्र इथे होतं, आणि त्याच्या आजूबाजूला ड्रायव्हर, व्हॉल्यूम मॅनेजर, फाइल सिस्टीम यांची कामं घेणाऱ्या लहान कंपन्या. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा ‘लॉक कुणी धरून ठेवलंय’ याची चर्चा मराठीत चालायची. आमच्याकडे एका ग्राहकाची तक्रार आली: मेल सर्व्हरला दोनाचे चार प्रोसेसर केले, तरी तासाला पोचणाऱ्या पत्रांची संख्या हलत नाही. मेल सर्व्हर म्हणजे लॉकची खरी परीक्षा. प्रत्येक पत्राची एक छोटी फाइल बनते, ती लिहायची, डिस्कवर पक्की करायची, नाव बदलून दुसऱ्या डिरेक्टरीत टाकायची आणि वाचून झाली की पुसायची. डेटा अगदी थोडा, पण नकाशे, डिरेक्टऱ्या आणि नोंदी यांवर सतत हात.

प्रोसेसरचा वापर दाखवणाऱ्या ‘टॉप’मध्ये चारही प्रोसेसर पूर्ण कामात दिसत होते. मग आम्ही ‘रीडप्रोफाइल’ चालवलं. कर्नलच्या कुठल्या फंक्शनमध्ये किती वेळ गेला हे ते सांगतं. यादीच्या वरच्या ओळींत फंक्शनांची नेहमीची नावं नव्हतीच. तिथे ‘टेक्स्ट-लॉक’ने सुरू होणारी नावं होती. त्या काळच्या कर्नलमध्ये लॉक मिळेपर्यंत गोल गोल फिरत राहण्याचा कोड मूळ फंक्शनच्या बाहेर, एका वेगळ्या कप्प्यात ठेवलेला असे. त्यामुळे वाट पाहण्यात गेलेला वेळ आपोआप वेगळा मोजला जाई. आमचे टीम लीड ती यादी बघून एवढंच म्हणाले, “प्रोसेसर काम करत नाहीयेत गं, वाट बघतायत.” स्पिनलॉकची वाट पाहणारा प्रोसेसर झोपत नाही. तो पुन्हा पुन्हा तेच विचारत राहतो, तापतो, वीज खातो आणि मोजमापात मेहनती दिसतो. नवे दोन प्रोसेसर घेऊन त्या ग्राहकानं रांगेतली दोन माणसं वाढवली होती.

त्याच काळात २.४ मध्ये आणखी एक मासलेवाईक लॉक होतं. डिस्ककडे जाणाऱ्या सगळ्या विनंत्यांसाठी, मग डिस्क दहा असोत की चाळीस, मिळून एकच. येन्स ॲक्सबोनं २.५ मध्ये ब्लॉक लेअर नव्यानं रचला आणि प्रत्येक रांगेला तिचं स्वतःचं लॉक दिलं.

पण मला सविस्तर सांगायचं आहे ते २००३ सालाबद्दल. रेमी कार आणि सहकाऱ्यांची एक्स्ट-२ ही १९९३ ची फाइल सिस्टीम. बर्कलीत मॅक्युझिक आणि मंडळींनी केलेल्या जुन्या फाइल सिस्टीमवरून तिनं डिस्कचे गट पाडायची कल्पना घेतली होती. ब्लॉक ४ केबीचा असेल तर गटाच्या नकाशालाही एकच ब्लॉक मिळतो. ४,०९६ बाइट म्हणजे ३२,७६८ बिट, म्हणजे एका गटात १२८ एमबी. शंभर जीबीच्या डिस्कवर असे ८०० गट होतात. प्रत्येकाचा नकाशा वेगळा, जागा वेगळी. डिस्कवर वाटणी पहिल्यापासून झालेली होती, आणि तरीही कुठल्याही गटातला एक बिट बदलायचा तर अख्ख्या फाइल सिस्टीमची मुख्य नोंद असलेल्या सुपरब्लॉकचं लॉक घ्यावं लागे. दहा वर्षं ते तसंच चाललं, कारण दहा वर्षं बहुतेकांच्या यंत्रात प्रोसेसर एकच होता.

२००३ च्या वसंतात ॲलेक्स टोमासनं एक पॅच पाठवला. हा माणूस महासंगणकांवर चालणाऱ्या लस्टर फाइल सिस्टीमवर काम करणारा, म्हणजे हे दुखणं ज्याला रोज भेटतं असा. ब्लॉक देताना सुपरब्लॉकचं लॉक सोडून त्या-त्या गटाचं लहान लॉक घ्यायचं, एवढीच कल्पना. ती अमलात आल्यावर लगेच दुसरी अडचण उघडी पडली. मोकळ्या ब्लॉकांची एकूण संख्या एकाच ठिकाणी लिहिलेली होती, त्यामुळे वेगवेगळ्या गटांत काम करणारे प्रोसेसर शेवटी त्या एका आकड्यापाशी पुन्हा भेटत. त्यावर अँड्र्यू मॉर्टननं प्रत्येक प्रोसेसरला आपापला छोटा हिशेब ठेवू दिला. तो हिशेब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की मगच एकूण आकड्यात जमा करायचा. एकूण आकडा त्यामुळे थोडा मागेपुढे असतो. पण किती जागा उरली हे विचारणाऱ्याला चाळीस जीबीत दोन-चारशे केबींचा फरक कळतसुद्धा नाही. अचूकता कुठे हवी आणि कुठे नको, हे इतक्या स्पष्टपणे ठरवलेलं मी क्वचित पाहिलं आहे.

आणि गटांची लॉक किती ठेवायची? प्रत्येक गटाला एक दिलं तर हजारो होतील. म्हणून बत्तीस किंवा जास्त प्रोसेसरसाठी १२८ लॉकचा एक संच केला आणि गटाच्या क्रमांकावरून त्यातलं एक निवडायचं ठरलं. त्यातलं प्रत्येक लॉक वेगळ्या कॅश लाइनवर ठेवलेलं आहे. लॉक स्वतः जेमतेम चार बाइटचं. पण प्रोसेसर मेमरी उचलतो ती साधारण ६४ बाइटच्या तुकड्यानं. दोन लॉक एकाच तुकड्यात बसली, तर ती वेगळी असूनही तो तुकडा दोन प्रोसेसरांत इकडून तिकडे ओढला जातो. कोडमध्ये कुठेच भांडण दिसत नाही आणि यंत्र मात्र मंद होतं. म्हणून प्रत्येक लॉकभोवती मेमरी मुद्दाम रिकामी सोडली. हा कोड अर्ध्या पानाचाही नाही. मी शिकवते तेव्हा तोच आधी वाचायला देते.

एक्स्ट-३ चं काम याहून अवघड होतं. स्टीफन ट्वीडीची ही फाइल सिस्टीम नोव्हेंबर २००१ मध्ये २.४.१५ मध्ये आली. तिच्यात जर्नल असतं. बदल आधी जर्नलमध्ये लिहायचे, साधारण दर पाच सेकंदांनी ते पक्के करायचे आणि मग मूळ जागी न्यायचे, म्हणजे वीज गेली तरी फाइल सिस्टीम सावरते. हा जर्नलचा थर बीकेएलच्या आधारावर उभा होता. बीकेएलला एक विचित्र खोड होती. ते धरलेलं असताना प्रोसेस झोपली, तर ते आपोआप सुटायचं आणि जाग आल्यावर आपोआप परत घेतलं जायचं. शिवाय ज्याच्या हातात आहे त्याला ते पुन्हाही घेता यायचं. त्यामुळे ते नेमकं कशाचं रक्षण करतं आहे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. काढायचं तर एकेक ओळ वाचून ‘इथे कोण कुणापासून सुरक्षित होतं’ हे नव्यानं शोधून काढायला हवं.

मॉर्टन आणि टोमास यांनी २००३ च्या मध्याला ते केलं. त्याची खूण जर्नलच्या हेडर फाइलमध्ये अजून दिसते. रचनेतल्या जवळजवळ प्रत्येक घटकाशेजारी, तो कुठल्या लॉकखाली येतो हे कंसात लिहिलं आहे. जर्नलच्या स्थितीला एक लॉक, बफरांच्या याद्यांना दुसरं, चालू व्यवहाराच्या हिशेबाला तिसरं. काही ठिकाणी ‘लॉक नको’ असंही लिहिलंय, आणि का नको तेही. वर लॉक घेण्याचा क्रम दिला आहे, कारण एकानं आधी ‘अ’ मग ‘ब’ आणि दुसऱ्यानं आधी ‘ब’ मग ‘अ’ धरलं तर दोघंही कायमचे अडकतात. सगळं लावून झाल्यावर संपूर्ण जर्नलसाठी असलेलं झोपवणारं लॉक कामाविना उरलं, तेव्हा तेही काढून टाकलं. डिसेंबर २००३ मध्ये कर्नल २.६ आलं ते हे सगळं घेऊन.

एसजीआय या कंपनीच्या एक्सएफएस या फाइल सिस्टीमनं यातलं बरंच १९९४ मध्येच केलं होतं. तिच्यात प्रत्येक ॲलोकेशन ग्रुपला मोकळ्या जागेचा स्वतःचा हिशेब होता, आणि कॅश टाळून थेट डिस्कवर लिहिणाऱ्या अनेकांना एकाच फाइलमध्ये एका वेळी लिहिता येत असे. मोठी यंत्रं त्यांच्याच घरची, त्यामुळे गरज त्यांना आधी कळली. मात्र तिचं जर्नल पुढे गळ्याशी आलं. डेव्ह चिनरनं २०१० मध्ये २.६.३५ मध्ये, बदल आधी मेमरीत एकत्र करून मग लिहिण्याची पद्धत आणली. एकच नोंद वीस वेळा बदलली तर वीसदा जर्नलकडे जायची गरज उरली नाही.

एक्स्ट-३ नंतर आलेल्या एक्स्ट-४ मध्ये आपल्या देशातली माणसं आहेत आणि त्यांची नावं इथे फारशी कुणाला माहीत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. आयबीएमच्या बंगळुरूच्या लोकांपैकी अमित अरोरानं फाइलसाठी जागा आधीच राखून ठेवणारी ‘फॉलोकेट’ सिस्टीम कॉल लिहिली. ती २००७ मध्ये २.६.२३ मध्ये आली. अनीशकुमार के. व्ही. यानं ब्लॉक वाटपाच्या कामात मोठा वाटा उचलला आणि २००८ मध्ये ओटावाच्या परिषदेतल्या निबंधात सहकाऱ्यांबरोबर ते मांडलं. लहान फाइलींसाठी प्रत्येक प्रोसेसरला राखीव जागेचा वेगळा साठा द्यायचा, म्हणजे दोन प्रोसेसर लहान फाइली लिहिताना एकमेकांच्या वाटेत येत नाहीत आणि त्या फाइली डिस्कवर शेजारी शेजारीही पडतात. माझ्या त्या मेल सर्व्हरला हे मिळायला हवं होतं.

दरम्यान पीटर झिल्स्ट्राच्या कामामुळे २००७ पासून कर्नल स्वतःच सांगू लागलं होतं की कुठल्या लॉकसाठी कुणी किती थांबलं. त्या आकड्यांनी २००३ चीच लॉक पुन्हा दोषी ठरवली. २०१० मध्ये थिओडोर त्सो यानं एक्स्ट-४ च्या जर्नलच्या स्थितीचं लॉक वाचणाऱ्यांना एकत्र आत जाता येईल असं केलं, आणि काही हिशेब लॉकशिवाय, ॲटॉमिक आकड्यांनी ठेवायला सुरुवात केली. चार प्रोसेसरला पुरलेली वाटणी अठ्ठेचाळीसांना पुरत नाही.

बीकेएलचा शेवटचा अवशेष आर्न्ड बर्गमननं काढला तो २.६.३९ मध्ये, मे २०११ ला. मधली पंधरा वर्षं वाया गेली असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते एका झटक्यात काढलं असतं तर कितीतरी लोकांचा डेटा गेला असता.

२०१६ मध्ये जॉर्जिया टेकच्या चांगवू मिन, सान्निध्य कश्यप आणि सहकाऱ्यांनी ऐंशी कोअरच्या यंत्रावर पाच फाइल सिस्टीम तपासल्या. वेगवेगळ्या फाइलींवरचं काम बरंच सुधारलेलं, पण एकाच फाइलच्या वेगवेगळ्या भागांत लिहिणारे मात्र एकमेकांना अडवत होते. त्याच वर्षी ४.७ मध्ये अल विरोनं फाइलचं जुनं म्युटेक्स बदलून वाचक-लेखक लॉक आणलं. त्यामुळे एकाच डिरेक्टरीत नावं शोधणाऱ्यांना एकत्र आत जाता येऊ लागलं. लेखकांचं काम अजून बाकी आहे. एक्स्ट-४ मध्ये कॅशमधून होणारं साधं लेखन आजही एका फाइलवर एका वेळी एकाच थ्रेडला करता येतं. तेव्हा तुमचा प्रोग्राम सोळा थ्रेडमधून एकाच लॉग फाइलमध्ये लिहीत असेल, तर नवे प्रोसेसर मागवण्याआधी प्रत्येक थ्रेडची फाइल वेगळी करून बघा.