एका ‘सत्तावन्नच्या रायफली’ची कुळकथा

पूर्वजांच्या पराक्रमाची म्हणून जी वस्तू घरात पिढ्यान् पिढ्या जपली जाते, तिच्याविषयी शंका काढणे अनेकांस अशिष्टपणाचे वाटते. तथापि ज्ञातीच्या स्मरणिकेत जे छापले जाते ते पुढील पिढी प्रमाण मानते. म्हणून आपल्या एका सभासद कुटुंबाने या अंकासाठी आपली ठासणीची बंदूक पुढे केली, तेव्हा तिची पारख करण्याचे काम मंडळाने मजकडे सोपविले. घरातील परंपरा अशी की, मूळपुरुष तात्या टोपे यांच्या सैन्यात होते व जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर पडल्यावर ही ‘एन्फील्ड रायफल’ घेऊन ते गावी परतले.

ही कथा आरंभीच त्याज्य ठरविण्याचे कारण नव्हते. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड ही केपाची रायफल. नळी ३९ इंच लांब, भोक ०.५७७ इंच आणि आत पीळदार तीन खाचा. १८५७ च्या आरंभी ती फारच थोड्या हिंदी शिपायांच्या हाती पोचली होती. डमडम, अंबाला व सियालकोट येथे निवडक तुकड्यांना तिचे शिक्षण चालू होते. तिच्या चरबीच्या काडतुसांवरून वणवा पेटला खरा, परंतु बहुसंख्य शिपाई लढले ते जुन्या, सपाट नळीच्या बंदुकांनी. असे असले तरी नोव्हेंबर १८५७ मध्ये तात्यांनी कानपुरास जनरल विंडहॅमला मागे रेटले, तेव्हा इंग्रजांचे पुष्कळ सामान त्यांच्या हाती लागले. त्यात एखादी एन्फील्ड आली असल्यास नवल नाही.

प्रथम परवानाधारक कारागिराकडून बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घेतली; जुन्या ठासणीच्या नळीत बार तसाच राहिलेला असू शकतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. चापाच्या पट्टीवरचा मळ हलक्या हाताने काढताच मुकुट, ‘व्ही. आर.’ ही अक्षरे, ‘टॉवर’ हा शब्द आणि १८६० हे साल दिसले.

यावर घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले की, चाप मागाहून बदलला असेल. आक्षेप रास्त होता. चाप बदलत असत. म्हणून नळीत दिवा धरून पाहिले. आत एकही खाच नाही! भोक सुमारे दोन तृतीयांश इंच. लांब पल्ल्यासाठी एन्फील्डच्या नळीवर जी उभी होणारी शिडी असते तिच्या जागी साधी, न हलणारी खाच.

येथेच या बंदुकीचे खरे कुळ उघड होते. उठावानंतर इंग्रज सरकारचा हिंदी शिपायांवरील विश्वास उडाला. त्यांच्यासाठी बाहेरून हुबेहूब एन्फील्ड, परंतु आतून सपाट अशी बंदूक सिद्ध करण्यात आली. १८५८ मध्ये प्रथम रायफलीच्याच नळ्या कोरून खाचा काढल्या. त्या फार पातळ झाल्याने १८५९ मध्ये जाड नळीचा नमुना निघाला. रायफलीची गोळी कित्येकशे यार्डांवर नेम धरी. सपाट नळीचा भरवसा शंभर यार्डांपलीकडे नसे. ज्या शिपायाने रायफलीचे काडतूस नाकारले, त्याला पुढे सरकारने रायफलच नाकारली. आपल्यासमोरील बंदूक या अविश्वासाची साक्षीदार आहे, आणि ग्वाल्हेरच्या लढाईपेक्षा वयाने लहान आहे.

कुटुंबाने जपलेला आजोबांच्या वेळचा परवानाही पाहावयास मिळाला. १८७८ च्या शस्त्र कायद्यापासून असे परवाने सुरू झाले. यात बंदुकीचा उद्देश ‘शेतीरक्षण’ असा नोंदला आहे. लढाईचा मागमूस नाही. रानडुकरांनीच काय ती हिची दहशत घेतली असावी!

यावरून मूळपुरुष तात्यांच्या सैन्यात नव्हते असे मुळीच सिद्ध होत नाही. त्यांची साक्ष ही बंदूक देऊ शकत नाही, इतकेच. घरातील आजींना हा निर्णय रुचला नाही व तो छापू नये असाही आग्रह झाला. परंतु कुटुंबप्रमुखांनी मोठ्या मनाने संमती दिली. त्यानुसार छायाचित्राखाली पुढील ओळ घातली आहे : ‘सपाट नळीची एन्फील्ड, साल १८६०.’