दोन अक्षरे आणि पुढचा कंस

कोल्हापूरच्या टाउन हॉलसमोर जे मोठे शासकीय रुग्णालय आहे, त्याला सारा जिल्हा 'सीपीआर' म्हणतो. छत्रपती प्रमिलाराजे यांच्या नावाची ही आद्याक्षरे. या रुग्णालयाचे मूळ नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. मराठीच्या विद्यार्थ्याला हे जुने नाव श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीच्या निमित्ताने कानावरून गेलेले असते. डॉ. आनंदीबाई जोशी यांची ज्या स्त्री-विभागावर नेमणूक झाली होती, तो विभाग याच रुग्णालयातला. नेमणूक झाली, पण रुजू होणे घडले नाही. वर्गात शिकवताना आपण या घटनेतील कारुण्य तेवढे उचलतो आणि पुढे जातो. प्रस्तुत लेखात आम्हाला तिच्याकडे एका निराळ्या प्रश्नाच्या अंगाने पाहायचे आहे. कोल्हापूर दरबाराने आनंदीबाईंचे वैद्यकीय काम पाहिले नव्हते. मग त्यांच्या ज्ञानाची खातरजमा कशावरून झाली?

हा प्रश्न सुचण्याचे निमित्त मात्र घरगुती आहे. आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यांना संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला, वजन उतरू लागले. नेहमीच्या डॉक्टरांनी 'एखाद्या फिजिशियनला दाखवा' असा सल्ला दिला. घराजवळ पाटी होती, पाटीवर 'एम.डी.' होते. तेथे दोन महिने औषध चालले आणि ताप तसाच राहिला. पुढे दुसरीकडे तपासण्या झाल्या, तेव्हा क्षयाचे निदान झाले. सुदैवाने आज ते बरे आहेत. नंतर आम्ही ती पहिली पाटी मुद्दाम जाऊन वाचली. 'एम.डी.'पुढे बारीक अक्षरांत एक कंस होता आणि ती पदवी वेगळ्याच चिकित्सापद्धतीची होती. पाटी खोटी नव्हती. जन्मभर शब्दांचे अर्थ संदर्भाने लावायला शिकवणाऱ्या आम्हा मंडळींनी ती वाचलीच नव्हती, एवढेच.

वैद्य कसा ओळखावा, ही चिंता आपल्या परंपरेत फार जुनी आहे. आज ज्याला जनरल मेडिसिन म्हणतात, त्याला सर्वांत जवळचे आयुर्वेदीय अंग म्हणजे कायचिकित्सा. आणि कायचिकित्सेचा प्रमुख ग्रंथ म्हणजे चरकसंहिता. तिच्या सूत्रस्थानात वैद्यांचे तीन प्रकार केले आहेत. पहिला छद्मचर, म्हणजे औषधांची भांडी, पोथ्या आणि वैद्याचा आविर्भाव एवढ्या भांडवलावर वैद्य म्हणवून घेणारा. दुसरा सिद्धसाधित, म्हणजे नामवंतांशी आपला संबंध सांगून त्यांच्या कीर्तीवर जगणारा. तिसरा खरा वैद्य. त्याची चार लक्षणे अन्यत्र दिली आहेत: शास्त्राचे निर्मळ ज्ञान, पुष्कळदा प्रत्यक्ष पाहिलेले कर्म, दक्षता आणि शुचिता. सुश्रुताने याला राजसत्तेची बाजू जोडली. शिक्षण पुरे झालेल्या वैद्याने राजाची अनुज्ञा घेऊन व्यवसायात उतरावे, असे तो सांगतो. आणि कुवैद्य लोकांचा घात करतो तो राजाच्या दोषामुळे, असेही बजावतो. वैद्याची परीक्षा एकट्या रोग्यावर सोपवता येत नाही, ही जाणीव त्यामागे स्पष्ट दिसते.

व्यवहारात मात्र राजाची अनुज्ञा गावोगाव पोहोचत नसे. तेथे वैद्य ओळखला जाई तो घराण्यावरून, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून आणि 'हातगुणा'वरून. 'त्यांच्या हाताला गुण आहे' हे वाक्य आजही कोल्हापुरात एखाद्या डॉक्टरची सर्वांत मोठी शिफारस ठरते. या शब्दाची आम्हाला थट्टा करायची नाही. चरकाने सांगितलेले दृष्टकर्म लोकांनी आपल्या भाषेत असे मांडले आहे. पण हातगुण कळतो तो बऱ्या झालेल्यांच्या तोंडून. जे बरे झाले नाहीत त्यांची साक्ष त्यात येत नाही.

एकोणिसाव्या शतकात या साक्षीला कागदाची जोड मिळाली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि १८५१ मध्ये त्याची पहिली तुकडी बाहेर पडली. डॉ. भाऊ दाजी लाड त्याच तुकडीतले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे वैद्यकीय पदव्या विद्यापीठाच्या झाल्या. विद्यापीठाची सामान्य वैद्यकीय पात्रता म्हणजे 'एल.एम. अँड एस.', 'एम.डी.' ही तिच्या वरची, मोजक्यांनी मिळवलेली पदवी. अण्णा मोरेश्वर कुंटे हे विद्यापीठाच्या आरंभीच्या एम.डीं.पैकी एक, आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयाचे संपादकही. एकाच माणसाच्या अभ्यासात दोन्ही परंपरा नांदू शकत होत्या, आणि तरी त्याच्या दोन अक्षरांचा अर्थ निःसंदिग्ध होता.

आता आनंदीबाईंकडे वळू. गोपाळराव कोल्हापुरात टपाल खात्याच्या नोकरीत असताना त्यांनी पत्नीच्या शिक्षणासंबंधी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिले. वाइल्डर यांनी स्वतः कोल्हापुरात काम केले होते. त्यांच्या नियतकालिकात छापलेले ते पत्र १८८० साली न्यू जर्सीतील थिओडोशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आले आणि पुढचा सारा इतिहास घडला. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावलेली ही मुलगी १८८३ साली अमेरिकेस गेली. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची 'एम.डी.' ही पदवी तिला मिळाली. त्याच वर्षी कोल्हापूर दरबाराने तिला आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागासाठी बोलावले. आनंदीबाई नोव्हेंबरात मायदेशी परतल्या त्या क्षयाने खंगून, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

येथे आमच्या विषयाच्या दृष्टीने एक बारकावा आहे. अमेरिकेत 'एम.डी.' ही वैद्यकाची पहिली पदवी होती आणि आजही आहे. म्हणजे आनंदीबाईंची एम.डी. आणि कुंट्यांची एम.डी. ही अक्षरे एक असली तरी त्यांची पायरी एक नव्हती. यात आनंदीबाईंचे मोठेपण रतीभर कमी होत नाही. हिंदुस्थानात स्त्रियांना वैद्यक शिकण्याची वाट जेमतेम उघडू लागली होती, तेव्हा त्यांनी ते परदेशी जाऊन मिळवले. पण हे पडताळून पाहण्याची काही सोय त्या काळी मुंबई इलाख्यात होती का? नव्हती. इंग्लंडमध्ये १८५८ च्या कायद्याने डॉक्टरांची अधिकृत नोंदवही सुरू झाली होती. आपल्याकडे तशी वहीच नव्हती. दरबाराच्या हाती महाविद्यालयाचे नाव आणि आनंदीबाईंचा लौकिक एवढेच होते. त्यांच्या बाबतीत तो विश्वास सार्थ होता. पण तेवढ्याच आधारावर एखादा सिद्धसाधितही सहज खपून गेला असता.

ही वही आली १९१२ साली, मुंबईच्या वैद्यकीय कायद्याने. कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही संस्थाही मुंबईत त्याच वर्षी स्थापन झाली. कायद्याने नोंदणी न झालेल्यांना व्यवसायाची सरसकट बंदी केली नाही; सरकारी नेमणुका आणि कायद्याने ग्राह्य दाखले यांचा अधिकार तेवढा नोंदणीकृतांना दिला. शिवाय हा कायदा ब्रिटिश मुलखाचा. कोल्हापूर संस्थानाला तो आपोआप लागू नव्हता. संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले ते १ मार्च १९४९ रोजी. त्याआधी, १९३८ च्या कायद्याने आयुर्वेद व युनानी वैद्यांसाठी इलाख्यात वेगळी नोंदवही झाली होती. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ चा वैद्यक व्यवसायी कायदा आणि १९६५ चा महाराष्ट्र वैद्यकीय परिषद कायदा आला. होमिओपॅथीची नोंदणी निराळी. अशा रीतीने एका वहीच्या तीन वह्या झाल्या. त्या तशा असण्यात गैर काही नाही, कारण त्या तीन शास्त्रांची नोंद ठेवतात. अडचण एवढीच की पाटीवर त्या तिन्हींची अक्षरे सारखी दिसतात.

आज एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षे जनरल मेडिसिन शिकलेला डॉक्टर एम.डी. असतो, त्याच तोडीची डी.एन.बी. ही पदवीही असते. आयुर्वेदात कायचिकित्सेची एम.डी. असते, होमिओपॅथीतही एम.डी. असते. रशिया व मध्य आशियातील विद्यापीठे जी 'एम.डी. (फिजिशियन)' देतात, ती तर तिकडची पहिलीच पदवी, आपल्या एम.बी.बी.एस.च्या जागी धरली जाणारी. आणि तिच्यासाठी येथे २००२ पासून चाळणी परीक्षा आहे. आनंदीबाईंच्या काळचा तोच बारकावा सव्वाशे वर्षांहून अधिक काळाने आपल्या गल्लीत येऊन उभा आहे. १९९६ साली मुंबईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की एका पद्धतीची पात्रता असलेल्याने न शिकलेल्या दुसऱ्या पद्धतीने उपचार करणे ही भोंदू वैद्यकीच होय. २०१४ साली महाराष्ट्राने औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना ठरावीक मर्यादेत ॲलोपॅथीची मुभा देणारी दुरुस्ती केली, आणि तो वाद पुन्हा न्यायालयात गेला.

अशा वेळी रोग्याने काय करावे? मार्ग फारसा कठीण नाही. २००२ च्या आचारसंहितेनुसार ॲलोपॅथी डॉक्टराने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावला पाहिजे आणि चिठ्ठीवर व पावतीवर लिहिला पाहिजे. विशेष पात्रता नसताना स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेता येत नाही. तो क्रमांक किंवा नाव महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येते. तेथे तीन गोष्टी पाहाव्यात. नाव या वहीत आहे का. मूळ पदवीखेरीज जनरल मेडिसिनची पदव्युत्तर पदवी अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदली आहे का. आणि दर पाच वर्षांनी करावे लागणारे नूतनीकरण झाले आहे का. नाव आढळले नाही, तर ते दुसऱ्या पद्धतीच्या परिषदेकडे असू शकते. तसे असल्यास आपण कोणत्या शास्त्राकडे निघालो आहोत, हे जाणून निवड करावी.

तरीही वहीला सारे कळत नाही. चरकाच्या चार लक्षणांपैकी पहिल्याचीच हमी ती देऊ शकते. दृष्टकर्म, दक्षता आणि शुचिता यांसाठी आजही शेजाऱ्यालाच विचारावे लागते, आणि विचारावे. आमच्या सहकाऱ्यांनी नेमके उलट केले होते, असे म्हणता येईल: लौकिक ऐकला आणि वही उघडलीच नाही. आधी वही आणि मग हातगुण, हा क्रम आम्हाला त्या दोन महिन्यांनी शिकवला.

आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी काम केले. २००० साली राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि सीपीआर त्याला जोडले गेले. आनंदीबाईंसाठी जी पदवी सात समुद्रांपलीकडे होती, तिचे शिक्षण आज त्याच आवारात होते. आमच्या निवृत्त सहकाऱ्यांनी परवा आणखी एका दुखण्यासाठी फिजिशियन शोधला, तेव्हा ते पाटीसमोर चष्मा लावून उभे राहिले, क्रमांक टिपून घेतला, आणि घरी येऊन आधी नातीला संगणक उघडायला सांगितले.