सुईमागचे सोलापूर

पुण्यात बुधवार पेठेतल्या अप्पा बळवंत चौकात आरोग्यविषयक पुस्तके चाळायला घेतली की अ‍ॅक्युपंक्चर आणि अ‍ॅक्युप्रेशरवरचे एखादे पुस्तक हाती लागतेच. अशा पुस्तकांत ही विद्या हजारो वर्षांची असल्याचे सांगितलेले असते, आणि कधी कधी तिचे मूळ थेट सुश्रुतापर्यंत नेलेले असते. सुश्रुतसंहितेत शिरावेध आहे, अग्निकर्म आहे, मुलांचे कान टोचण्याचा विधीही आहे. पण रक्त काढणे किंवा डाग देणे वेगळे, आणि पाव मिलिमीटर जाडीची सुई नेमक्या बिंदूवर टोचून वीस-पंचवीस मिनिटे तशीच ठेवणे वेगळे. ही सुई चीनचीच. आपल्याकडे ती आली त्याला शंभर वर्षेही झालेली नाहीत, आणि ती ज्या वाटेने आली त्या वाटेवर सोलापूर लागते.

चीनमध्येही तिचे दिवस सदा बरे नव्हते. १८२२ साली बादशहाने राजवैद्यांच्या संस्थेतून तिला काढून टाकले. १९२९ मध्ये तिथल्या प्रजासत्ताक सरकारपुढे पारंपरिक वैद्यकावर बंदी घालण्याचा प्रस्ताव होता. तिला पुन्हा मान मिळाला तो माओंच्या राजवटीत. अफाट लोकसंख्या आणि मोजके डॉक्टर, अशा देशाला खेडोपाडी पोहोचणारा स्वस्त उपचार हवाच होता.

त्याआधी, १९३८ मध्ये, जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. अटल, चोळकर, मुखर्जी, विजयकुमार बसू आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले कोटणीस शल्यचिकित्सक होते. आघाडीवरच्या जखमींवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, कॅनेडियन शल्यचिकित्सक बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते संचालक झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. त्यांची ख्याती सुयांची नव्हे, शस्त्रक्रियेची. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, त्यामुळे नाव घरोघरी पोहोचले.

सुई आणली ती त्यांच्या सोबत्याने. डॉ. बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्या पद्धतीने उपचार करू लागले. पुढे कोटणीसांच्या स्मृतीसाठी उभ्या राहिलेल्या कामातून हा उपचार पसरत गेला. लुधियान्यातल्या अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालयाला नाव कोटणीसांचेच आहे. सोलापूरच्या या माणसाचे नाव आपल्या देशात सुईशी जोडले गेले ते मैत्रीमुळे. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पुढे महाराष्ट्राने २०१५च्या कायद्याने या उपचारपद्धतीला स्वतंत्र मान्यता दिली. केंद्राने ती २०१९ मध्ये दिली.

आता गुणाचे. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुयांनी ४७.६ टक्के रुग्णांना उतार पडला. औषधे, व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. पण परंपरेने सांगितलेले बिंदू सोडून भलत्याच जागी, तेही वरवर, सुया टोचल्या तेव्हाही ४४.२ टक्क्यांना बरे वाटले! म्हणजे दुखणे कमी होते हे खरे, बिंदूंचा नकाशा मात्र तितका खरा ठरत नाही. सुईने मज्जातंतू चेतवले जातात, शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडते. शिवाय कोणीतरी अर्धा तास आपल्यापाशी थांबून हात लावते, आपले ऐकते, याचाही वाटा असणारच. तो वाटा मी कमी लेखणार नाही. गुडघेदुखी, मानदुखी, वारंवार उठणारी अर्धशिशी, शस्त्रक्रियेनंतरची किंवा केमोथेरपीतली मळमळ, इथेही सुईच्या बाजूने बऱ्यापैकी पुरावा आहे.

मधुमेह, रक्तदाब किंवा थायरॉइडच्या गोळ्या सुईच्या भरवशावर बंद करायला सांगणाऱ्याकडे मात्र फिरकू नये. इतरत्र जाताना नोंदणीचे प्रमाणपत्र बघावे, सुया आपल्यासमोर पाकिटातून काढायला सांगाव्यात, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर ते आधीच सांगावे. छातीवर सुई खोल गेली तर क्वचित फुप्फुसालाही इजा होते, म्हणून शिकलेलाच हात हवा.