अफूचा परवाना आणि औषधाची मात्रा : उपचारातील सातत्याचा प्रश्न

व्यसनाधीन मनुष्य उपचार अर्ध्यावर सोडतो, याचे कारण त्याच्या दुबळ्या मनोनिग्रहात शोधण्याची प्रथा जुनी आहे. तथापि मुंबई इलाख्यातील अफूच्या कारभाराचा इतिहास पाहिला असता, या प्रश्नाचा संबंध व्यक्तीच्या स्वभावापेक्षा व्यवस्थेच्या रचनेशी अधिक निकटचा आहे, असे दिसून येते.

1878 च्या अफू कायद्यानुसार किरकोळ विक्री परवानाधारक दुकानांतून होत असे. 1893 साली नेमलेल्या शाही आयोगाने मुंबईसह ठिकठिकाणी साक्षी घेतल्या आणि 1895 मध्ये संपूर्ण बंदीच्या विरुद्ध अभिप्राय दिला. सरकारी महसुलाचा हितसंबंध त्यामागे होता, हे उघड आहे. परंतु अफू खाणाऱ्यास ठराविक दर्जाचा माल परिचित ठिकाणी मिळत असे, हीही वस्तुस्थिती होय.

स्वातंत्र्यानंतर धोरण पालटले. मुंबईच्या 1949 च्या दारूबंदी कायद्याने मादक पदार्थांच्या व्याख्येत अफूचाही अंतर्भाव केला. त्याच वर्षीच्या अखिल भारतीय अफू परिषदेने औषधेतर वापर दहा वर्षांत संपविण्याचे ठरविले. त्यासाठी पुरवठ्यात दरवर्षी दहा टक्के कपात योजण्यात आली. 1 एप्रिल 1959 पासून अशी विक्री बंद झाली. वैद्यकीय कारणास्तव नोंदलेल्या जुन्या व्यसनाधीनांस मात्र परवान्यावर अफू मिळण्याची सवलत राहिली. या सवलतीत पर्यायी औषधोपचाराचे बीज दिसते. मात्र तिच्यामागे सुधारणेची योजना नव्हती, केवळ एक पिढी संपण्याची प्रतीक्षा होती.

ती पिढी ओसरत असतानाच, 1980 नंतरच्या काळात, मुंबईत ‘गर्द’ पसरले. 1981 साली मुंबईत कृपा फाउंडेशन व 1986 साली पुण्यात मुक्तांगण या संस्था उभ्या राहिल्या. त्यांचा भर संपूर्ण व्यसनमुक्तीवर होता. 14 नोव्हेंबर 1985 रोजी अमलात आलेल्या अंमली पदार्थविषयक कायद्याने शिक्षाही कठोर केल्या. दुसरा मार्ग न्यूयॉर्कमध्ये डॉ. डोल व डॉ. निस्वांडर यांनी 1964 पासून आखला होता. त्यात हेरॉईनऐवजी मेथाडोनची नियमित मात्रा देऊन रुग्णाचे जीवन स्थिर करावयाचे असते. भारतात प्रथम ब्युप्रेनॉर्फिन या गोळीचा प्रसार झाला; मेथाडोनचा प्रयोग 2012 च्या सुमारास निवडक रुग्णालयांत सुरू झाला, त्यांत परळचे के. ई. एम. रुग्णालय होते.

रुग्ण उपचारात किती काळ टिकतो, हे कशावर अवलंबून असते? पहिला घटक मात्रेचा. अपुरी मात्रा घेणारा रुग्ण लवकर गळतो. मेथाडोनच्या बाबतीत दररोज 60 मिलिग्रॅम व त्याहून अधिक मात्रेवर टिकाव वाढतो, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. औषध लवकरात लवकर कमी करून बंद करण्याची घाई येथे नडते.

दुसरा घटक अंतराचा. औषध बहुधा केंद्रात, कर्मचाऱ्यासमक्ष, दररोज घ्यावे लागते. कुलाबा, म्हणजे 1981 पासूनच्या रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे तालुके मुंबईशी लोहमार्गाने जोडलेले आहेत. तरीही कर्जत स्थानक मुंबईपासून सुमारे 100 किलोमीटर दूर आहे. कर्जत वा खोपोलीच्या मजुराने दररोज परळ गाठावयाचे म्हटल्यास येण्याजाण्यातच चार तासांहून अधिक वेळ जातो आणि रोजगार बुडतो. अशा मनुष्याने उपचार सोडला, तर त्यास निश्चयाचा अभाव म्हणणे न्याय्य ठरणार नाही. 2020 च्या साथीत काही दिवसांची मात्रा घरी नेण्यास परवानगी देण्यात आली. दररोजच्या हजेरीची अट अपरिहार्य नाही, हे त्यावरून सिद्ध झाले.

तिसरा घटक समाजाच्या दृष्टीचा. ‘एक व्यसन सोडून दुसरे धरले’ हा आक्षेप घरातून आणि शेजारातून सतत ऐकू येतो. केंद्राबाहेर पोलिसांनी अडविण्याची भीतीही रुग्णास दूर ठेवते.

या प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांवरून कळते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय समालोचनानुसार, मेथाडोन उपचारात असताना दर हजार व्यक्ति-वर्षांमागे 11.3, तर उपचार सुटल्यावर 36.1 मृत्यू आढळले. उपचार सुटल्यानंतरचे पहिले चार आठवडे विशेष धोक्याचे असतात. उपचाराचा खंड हा म्हणूनच केवळ नोंदवहीतील गैरहजेरी नव्हे.

महसुलासाठी अफू जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचविण्याची यंत्रणा शासनाने एके काळी उभारली होती. औषधाचा उगम मात्र मोठ्या शहरांतील रुग्णालयांत झाला. ते तालुक्यापर्यंत पुरेशा मात्रेत आणि कामाच्या वेळा सांभाळून पोहोचले, तरच रुग्णाच्या निश्चयाची खरी परीक्षा करण्याचा अधिकार समाजास प्राप्त होईल.