मुलाची शाळा दोन आठवडे बुडाली, तर राहिलेला अभ्यास कसा भरून काढायचा?

ताप उतरतो, कांजिण्यांच्या खपल्या धरतात किंवा हाताचं प्लॅस्टर निघतं आणि मूल पुन्हा शाळेत जाऊ लागतं. तोवर वर्ग दोन-तीन धडे पुढे गेलेला असतो. मग बहुतेक घरांत एकच धावपळ सुरू होते: मित्राची वही आणायची किंवा व्हॉट्सॲपवर पानांचे फोटो मागवायचे आणि सगळं उतरवून काढायचं.

वही पूर्ण होते, पण गणित तिथेच अडतं. कारण राहिलेलं लेखन आणि राहिलेला अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेळ थोडा असेल तर तो आधी अभ्यासाला द्यायला हवा.

आजारपणात अभ्यास घ्यावा का?

अंगात ताप असताना घेऊ नये. डेंग्यूमध्ये तर ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस जास्त जपण्याचे असतात. कांजिण्यांमध्ये सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मुलाला शाळेत पाठवता येत नाही, पण या काळात अनेक मुलांना घरी बसून कंटाळा येतो. अशा वेळी दिवसातून दोनदा १५-२० मिनिटं वाचन किंवा तोंडी अभ्यास पुरेसा आहे. उजवा हात प्लॅस्टरमध्ये असेल तर उत्तरं मुलानं सांगावीत आणि मोठ्यांनी लिहावीत.

वर्गशिक्षकांना काय विचारायचं?

'काय काय शिकवलं?' असं विचारलं की लांबलचक यादी येते. त्यापेक्षा हे तीन प्रश्न उपयोगी पडतात:

- प्रत्येक विषयात सध्या कोणता धडा सुरू आहे?
- पुढचं समजण्यासाठी मागचं नेमकं काय यायलाच हवं?
- कोणतं लेखन सोडलं तरी चालेल?

बरेच शिक्षक तिसऱ्या प्रश्नाला मोकळेपणानं उत्तर देतात. विचारलंच नाही, तर मूल सगळंच लिहीत बसतं.

आधी कोणता विषय?

गणित सगळ्यात आधी. त्यात एक पायरी दुसरीवर उभी असते. समजा, सममूल्य अपूर्णांक शिकवले त्या आठवड्यात मूल घरी होतं. मग भिन्नछेद अपूर्णांकांच्या बेरजेत छेद सारखे का करायचे, हे त्याला कळत नाही. पुढे शेकडेवारीतही तीच अडचण येते. म्हणून बुडालेल्या दिवसांतली सगळी उदाहरणं सोडवण्यापेक्षा प्रत्येक नव्या पायरीची तीन-चार उदाहरणं नीट समजून सोडवावीत.

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी वाचनही इतकंच महत्त्वाचं आहे. जोडाक्षरं शिकवताना मूल घरी असेल, तर ती रोज थोडी वाचून घ्यावीत. इंग्रजीचंही तसंच.

इतिहास-भूगोलाचे धडे बऱ्याच अंशी सुटे असतात. ते एकदा वाचून त्यावर गप्पा मारल्या तरी तूर्त भागतं. विज्ञानात प्रयोग चुकला असेल, तर तो काय होता आणि त्यातून काय दिसलं, हे मित्राकडून ऐकून घ्यावं.

वहीचं काय करायचं?

आधी समजून घ्यायचं, मग सोडवायचं आणि शेवटी उतरवायचं. समजलं का, हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे वही बंद करून दोन उदाहरणं सोडवायला देणं. लांब प्रश्नोत्तरांच्या पानांची झेरॉक्स चिकटवली तर चालेल का, हे शिक्षकांना विचारावं. सगळं एकाच रविवारी संपवू नये. रोज अर्धा तास, असं आठवडा-दोन आठवडे केलं की मूल थकत नाही.

मोफत काय मिळतं?

- बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत आहेत.
- पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड 'दीक्षा' ॲपमधून स्कॅन केला, की त्या धड्याशी संबंधित साहित्य मिळतं.
- घरी इंटरनेट नसेल, तर 'पीएम ई-विद्या'च्या टीव्ही वाहिन्यांवर इयत्तेनुसार धडे दाखवले जातात.

हजेरी आणि परीक्षेचे नियम काय आहेत?

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी आणि आठवीत वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्रातही ती लागू झाली. त्यात नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यावी लागते.

सीबीएसईच्या दहावी-बारावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते. आजारपणामुळे ती कमी पडली, तर वैद्यकीय कागदपत्रं जोडून शाळेमार्फत सवलत मागता येते. त्यामुळे डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि रिपोर्ट जपून ठेवावेत आणि रजेचा अर्ज वेळेत द्यावा.

ऊसतोडीसाठी आई-वडील चार-पाच महिने गाव सोडतात, तेव्हा प्रश्न आणखी मोठा होतो. अशा मुलांना स्थलांतराच्या ठिकाणच्या शाळेत शिकता यावं म्हणून राज्यात शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. मूल गावीच राहणार असेल, तर काही ठिकाणी हंगामी वसतिगृहं चालतात. गाव सोडण्याआधी मुख्याध्यापकांकडे याची चौकशी करावी.

शाळेत परतल्यावर

पहिल्याच आठवड्यात घटक चाचणी असेल, तर कोणता भाग राहिला आहे हे शिक्षकांना आधीच कळवावं. पूर्ण बरं झालेलं मूल रोज सकाळी पोट दुखतं म्हणत असेल, तर लगेच रागावू नये. डॉक्टरांना दाखवावंच, पण कोणत्या तासाची भीती वाटते हेही विचारावं. वर्गात काहीच कळत नाही, हे मोठ्यानं सांगायला मुलं लाजतात. त्या एका विषयात रोज थोडा वेळ शेजारी बसणारं कुणी मिळालं, तर ही भीती बऱ्याचदा ओसरते.