खाडीचा बांध आणि गावाचा जोळ



पनवेल म्हटलं की आज रेल्वे, हायवे, विमानतळ डोळ्यांपुढं येतो. पण या खाडीकाठची कितीतरी जमीन देवानं आयती दिलेली नाही बरं का! दिवसातून दोनदा भरती यायची, खारं पाणी पसरायचं. तिथं भात पिकवला तो आपल्या आगरी-कुणबी वाडवडिलांनी. कसा? बांध घालून.

खाडीतला चिकण चिखल काढायचा, ढेपळं एकावर एक रचायची, तुडवून घट्ट करायची. लाटेच्या बाजूला दगड लावायचे. त्या बांधाला ठेवायची उघाडी, म्हणजे लाकडी झडप. गंमत बघा! भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. ना इंजीन, ना वीज.

पेण-पनवेलकडे शिलोत्री नावाची जुनी पद्धत होती. ज्यानं बांध घालवला तो शिलोत्रीदार. बाहेरच्या बांधाची निगा त्यानं राखायची आणि त्याबद्दल कुळांकडून जादा धान्य घ्यायचं. पण चिखलात उभा राहायचा तो गाव. एका बांधाआड ज्यांची शेतं, त्या सगळ्यांचा मिळून जोळ. बांधाच्या कामाला घरटी माणूस यायचा. उधाणात खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की रात्र असो वा पाऊस, सगळ्यांनी धावायचं.

आता एखादा म्हणेल, "महाराज, खांड पडली त्या टोकाला, माझं शेत या टोकाला. मी कशाला जाऊ?" अरे बाबा, पाणी सातबारा वाचून आत येत नाही! एकदा खारं पाणी शिरलं की दोन-तीन वर्षं धड पीक नाही. खेकड्यानं पाडलेलं बोटभर भोक आज बुजवलं नाही, तर उद्या सगळ्यांचं ताट रिकामं.

सगळंच गोड होतं असंही नाही. बांधावर घाम कुळाचा आणि खळ्यावरचं भात खोताचं, हे दुखणं होतंच. म्हणून तर 1933 साली अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या मागं शेतकरी संपावर गेले. वर्षानुवर्षं त्यांनी जमीन कसली नाही. जोळानं शिकवलेली एकी तिथंही कामाला आली.

पुढं 1948 साली खारजमिनींचा कायदा आला, 1979 साली नवा आला. बांध सरकारकडे गेले. पैसा आला, यंत्रं आली, ते चांगलंच झालं. पण "बांध आता सरकारचा" हे मनात बसलं आणि जोळ सैल पडला. 1970 साली सिडको आली, शेतं शहराखाली गेली. आता त्या जागी इमारती उभ्या आहेत. तरी उधाण यायचं थांबलंय का? अमावस्या-पौर्णिमा चुकलीय का? पाणी आपली वाट विसरत नाही, मंडळी. माणूस मात्र जोळ विसरतो.

वारीत दिंडी चालते ती तरी कशावर? कुणी पाणी भरतो, कुणी चूल पेटवतो, कुणी म्हाताऱ्याचं गाठोडं उचलतो. हाही जोळच की! मग तो पंढरीच्या वाटेवरच ठेवून घरी येऊ नका. आपल्या गावची विहीर, नाला, शाळेची भिंत पाहा. कुठं बोटभर भोक दिसलं, तर ते कुणाचं हे विचारू नका. दोन ओंजळी चिखल घ्या आणि बुजवा. ही सेवा विठ्ठलाला पोचते.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!